पाणबुडीचा कप्तान, नदीचं युद्ध

पोटाला गमछाने वीट बांधून तुम्ही भागीरथीत उतरता. साल १९७१, पावसाळा. पाणी चिखलाच्या रंगाचं आणि ओढ जबरदस्त. उताणं पोहायचं, नाक-तोंड तेवढं वर ठेवायचं, पायांत अडकवलेल्या रबरी फिन्सनी रेटा द्यायचा आणि पाणी अजिबात वाजू द्यायचं नाही. विटेचं वजन आधी छातीवर येतं, मग कमरेत उतरतं. अर्ध्या तासात मांड्या भरून येतात, आणि अजून कितीतरी वेळ पोहायचं असतं.

तुमच्या मागेपुढे जी डोकी दिसतायत ती विशी-बाविशीच्या पोरांची. कुणी कॉलेज सोडून आलाय, कुणी शेतावरून. पूर्व पाकिस्तानातल्या त्यांच्या गावांना नदी म्हणजे अंगणच, त्यामुळे पोहणं त्यांना शिकवावं लागत नाही. शिकायचं आहे ते एवढंच, की पहाऱ्यातल्या बंदरात अंधारात शिरून जहाजाच्या तळाला सुरुंग चिकटवायचा आणि आलो तसं परत जायचं. परत येता आलं नाही तर त्याला कुणी जबाबदार नाही, असं लिहून देऊनच प्रत्येकजण इथे दाखल झालाय.

जागा पलाशी, कलकत्त्याच्या उत्तरेला साधारण दीडशे किलोमीटरवर. १७५७ साली क्लाइव्हने सिराजउद्दौल्याला हरवलं ती हीच. छावणीला पाटी नाही. कागदोपत्री भारत अजून युद्धात उतरलेला नाही, त्यामुळे इथलं काहीच कागदोपत्री नाही. रोजचं शिक्षण लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस यांच्या हाती आहे. दिल्लीत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख कॅप्टन मिहिर रॉय या सगळ्याची सूत्रं हलवतात. दिल्ली आणि हा चिखल यांच्यामध्ये ज्या अधिकाऱ्याची सतत ये-जा आहे, त्याच्यासाठी तुम्ही इथवर आलात. कमांडर मोहन नारायण राव सामंत.

आडनाव कानाला ओळखीचं लागतं. तळकोकणात दर दोन-चार गावांमागे एक सामंतांचं घर सापडेल. पण इथे त्यांना नावाने फारसं कुणी हाक मारत नाही, आणि तुम्हीही मारू नका.

या माणसाकडे हे काम का आलं, ते समजून घ्यायला दोन वर्षं मागे या. ४ सप्टेंबर १९६९, सोव्हिएत संघातलं रिगा बंदर, बाल्टिक समुद्र. धक्क्याला काळी, अरुंद पाणबुडी उभी आहे. भारतीय नौदलाच्या सुरुवातीच्या चार पाणबुड्यांपैकी ही एक, आयएनएस करंज. उरणजवळच्या करंजा बेटावरून तिचं नाव पडलं. आज ती सेवेत दाखल होतेय आणि तिचे पहिले कप्तान आहेत सामंत. ज्या नौदलाकडे दोन वर्षांपूर्वी एकही पाणबुडी नव्हती, त्याच्या पहिल्या पाणबुडी अधिकाऱ्यांतले हे. न दिसता जवळ जायचं, एकदाच मारायचं आणि माग न ठेवता निघायचं, हे पाणबुडीवाल्याच्या अंगात मुरलेलं असतं. पलाशीच्या पोरांना नेमकं हेच शिकवायचं होतं. पाणबुडीच्या जागी त्यांच्याकडे स्वतःचं शरीर होतं, इतकाच फरक.

आणखी एक धागा आहे. मार्च १९७१च्या अखेरीस फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची मांग्रो ही पाणबुडी उभी होती. तिच्यावरचे काही बंगाली खलाशी ढाक्यातल्या कत्तलीच्या बातम्या ऐकून पळाले. त्यातले आठजण स्पेन गाठून, माद्रिदच्या भारतीय वकिलातीच्या मदतीने एप्रिलमध्ये भारतात पोचले. पलाशीच्या छावणीचा कणा हेच आठ. म्हणजे एका पाणबुडीचा कप्तान आणि दुसऱ्या, शत्रूच्या, पाणबुडीचे खलाशी एकाच नदीकाठी येऊन भेटले. असल्या माणसांना एकमेकांची भाषा समजायला दुभाषा लागत नाही.

छावणीत परत या आणि सुरुंग हातात घेऊन बघा. लिंपेट माइन. वजन पाचेक किलो, लोखंडाला घट्ट बसावा म्हणून लोहचुंबक लावलेले. त्याच्या फ्यूजमध्ये पाण्यात विरघळणारी एक गुटी असते. ती विरघळली की स्फोटाची यंत्रणा सुटते. अडचण अशी की गुटी अर्ध्या तासात विरघळते, आणि काठापासून जहाजापर्यंत पोहायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सुरुंग पोराच्या पोटावरच फुटायचा. यावर तोडगा निघाला तो निरोधचा. गुटीवर निरोध चढवायचा, जहाजाशी पोचलं की तो ओढून टाकायचा आणि मग सुरुंग चिकटवायचा. नौदलाने एकदम इतके निरोध मागवल्यावर ज्यांच्याकडे ती मागणी गेली ते चक्रावले. पण तुम्ही ते पातळ रबर बोटांनी फ्यूजवर ताणून बसवता तेव्हा कळतं, त्या पोराचा जीव एवढ्याशा रबरावर टांगलेला आहे. गाठ सैल राहिली तर संपलं.

ऑगस्टमध्ये दीडशेहून जास्त पोरं चार वाटांनी निघतात. चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज. चारही तुकड्यांचे म्होरके मांग्रोवरून पळालेल्यांतलेच. चितगावच्या तुकडीचा म्होरक्या अब्दुल वहेद चौधरी. म्होरक्यांकडे ट्रान्झिस्टर आहेत. कलकत्ता आकाशवाणीवरून एक ठरावीक गाणं लागलं की तयार राहायचं. ते पंकज मलिकांच्या आवाजातलं. दुसरं ठरलेलं गाणं लागलं की त्याच रात्री पाण्यात उतरायचं. सगळा पूर्व बंगाल ती गाणी ऐकतो आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नाही.

१५ ऑगस्टची रात्र सरताना तुम्ही कर्णफुली नदीच्या काठावर, गवतात पोटावर पडलेले आहात. पलीकडे चितगाव बंदराचे दिवे. अल-अब्बास आणि होरमुझ ही मोठी जहाजं धक्क्याला लागलेली, पोटात लष्कराचं सामान. काळ्या पाण्यात पोरं केव्हा उतरली ते तुम्हाला दिसलंच नाही. मध्यरात्र उलटल्यावर दीड-दोनच्या सुमाराला पहिला हादरा बसतो. मग दुसरा. मग बंदरभर भोंगे, सर्चलाइट, दिसेल तिथे गोळीबार. त्याच सुमारास इतर तीन बंदरांतही हेच चाललंय. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्रमार्गे मिळणारी रसद आणि नद्यांतून चालणारी वाहतूक, दोन्हींची नस या एका रात्रीत सापडली. पुढे आठवड्यांमागून आठवडे हे हल्ले होत राहिले आणि परदेशी जहाजांचे मालक या बंदरांत यायला कचरू लागले.

इथे सामंतांचं नाव कुठेही येत नाही, येणारही नव्हतं. एखादा अधिकारी किती मोठा हे आपण त्याच्या युद्धनौकेच्या लांबीवरून मोजतो. मला वाटतं हे मोजमापच चुकीचं आहे. ज्या माणसाने आपल्या हातात काहीच नसताना दुसऱ्यांच्या हातात लढण्याचं बळ दिलं, आणि त्यांच्या जिवाचा हिशेब स्वतःच्या डोक्यावर घेतला, त्याचं काम कुणाही कप्तानापेक्षा कमी नाही.

पावसाळा संपतो. आता कलकत्त्याच्या गार्डन रीचला या. पोर्ट कमिशनर्सच्या दोन बोटी इथे कामाला घेतल्या आहेत. नदीत फिरणाऱ्या, बंदराची रोजची कामं करणाऱ्या, रंग उडालेल्या. त्यांच्या डेकवर पोलादी पट्ट्या ठोकून ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा बसवल्या जातायत. मागच्या अंगाला नदीत सुरुंग सोडायची सोय होतेय. वेल्डिंगच्या ठिणग्यांचा पाऊस आणि तेलाचा वास. एकीचं नाव पद्मा, दुसरीचं पलाश. यांवरचे बरेचसे खलाशी पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली, आणि हुकूम देणारे अधिकारी भारतीय. पद्मावर लेफ्टनंट सुवेश मित्तर, पलाशवर लेफ्टनंट कमांडर रॉय चौधरी. दोन्ही मिळून फोर्स आल्फा. तिचे प्रमुख कमांडर सामंत. बांगलादेशच्या नौदलाची ही पहिली दोन जहाजं, देश अजून जन्मायचा असताना.

नोव्हेंबरमध्ये या दोन्ही बोटी पशुर नदीच्या तोंडाशी सुरुंग पेरून येतात. मोहिमेचं नाव ऑपरेशन हॉट पँट्स. नकाशावर ही नदी पातळ रेघ दिसते. प्रत्यक्षात पात्र इतकं रुंद की रात्री दुसरा काठ दिसत नाही, आणि वाळूचे दांडे असे की कालची वाट आज मिळत नाही. समुद्राच्या खोल पाण्यात वाढलेल्या अधिकाऱ्याला इथे दर अर्ध्या तासाला भरती-ओहोटीचा अंदाज घ्यावा लागतो. तुम्ही डेकवर उभे असता, तळ कधी घासेल याची वाट बघत.

३ डिसेंबरला उघड युद्ध पेटतं. ४ तारखेला क्षेपणास्त्र नौका कराची पेटवतात, पूर्वेला विक्रांत या विमानवाहू नौकेवरून विमानं उडतात. ते पराक्रम आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत, म्हणून तिकडे वळत नाही. तुम्ही सुंदरबनात चला.

आता तुकडीत चार बोटी आहेत. पद्मा, पलाश, सीमा सुरक्षा दलाची चित्रांगदा आणि नौदलाची आयएनएस पनवेल. पनवेल सोव्हिएत बनावटीची लहानशी गस्ती नौका, कप्तान लेफ्टनंट कमांडर जोसेफ नोरोन्हा. सामंत हिच्यावर आहेत आणि तुम्हीही. दत्तजयंती होऊन आठवडा उलटलाय, चंद्र उशिरा उगवतो. दोन्ही बाजूंना खारफुटी, तिची मुळं ओहोटीच्या चिखलातून वर आलेली. पाण्यावर धुकं. दिवे बंद. इंजिनाचा आवाज कमीत कमी. कुठल्या खाडीतून शत्रूची बोट बाहेर येईल सांगता येत नाही, आणि हातात या वाटांचे भरवशाचे नकाशे नाहीत. पहाटेच्या गारव्यात तोफेवरचा खलाशी दोन्ही हात काखेत घालून उभा आहे. कुणी बोलत नाही.

१० डिसेंबरला सकाळी साडेसातच्या सुमारास मोंगला समोर येतं. शत्रू बेसावध सापडतो, बंदर हाती येतं. चित्रांगदा तिथेच थांबते. उरलेल्या तिघी खुलन्याकडे वळतात, नदीने वर सुमारे ५० किलोमीटर. ७ तारखेला जेसोर पडल्यावर तिथली पाकिस्तानी ब्रिगेड खुलन्याला मागे सरकलीय. त्या शहरावर पाण्याच्या बाजूने जाऊन धडकायचं आहे. पुढे पनवेल, मागे पलाश, सगळ्यांत शेवटी पद्मा. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून बोटींच्या माथ्यावर पिवळं कापड अंथरलेलं आहे. ऊन चढलंय. काठावरच्या गावांतली माणसं बाहेर येऊन बघतायत.

दुपारच्या बाराच्या आसपास खुलना शिपयार्डजवळ आकाशात विमानं दिसतात. छोटी, चपळ. नॅट लढाऊ विमानं. खलाशांचे हात तोफांवर जातात, गोळी चालवायची परवानगी मागितली जाते. विमानं आपली आहेत, गोळी चालवायची नाही, असा सामंतांचा हुकूम सुटतो. हुकूम बरोबर आहे. विमानं खरंच आपली आहेत. ती वरून जातात, लांब वळसा घेतात आणि खाली येतात.

पहिला फटका पद्माला बसतो. इंजिनघर फुटतं. आवाजाने तुमचे कान बधिर होतात, पुढचं सगळं मुक्या चित्रासारखं दिसत राहतं. पलाशवर रॉय चौधरी बोट सोडायचा हुकूम देतात. पलाशच्या इंजिनघरात मोहम्मद रुहुल अमीन नावाचा आर्टिफिसर आहे. तो इंजिन सोडायला तयार नाही. बोट चालू राहिली तर वाचवता येईल, एवढंच त्याला दिसतंय. पुढच्या झडपेत पलाशही जाते. रुहुल अमीन जखमी होऊन नदीत पडतो, पोहत काठ गाठतो आणि तिथे त्याला पाकिस्तानी फौजेचे साथीदार रझाकार ठार करतात. वर आपली विमानं, काठावर शत्रू, मध्ये रूपशा नदी आणि तिच्यात तरंगणारी माणसं.

पनवेल वळणं घेत विमानांचा मारा चुकवते. ती शाबूत आहे. इथे थांबा, कारण मी तुम्हाला ज्या घटकेसाठी आणलं ती ही. दोन बोटी बुडाल्या. दोन्ही काठांवरून गोळ्या येतायत. तिसरी आणि शेवटची बोट मोकळी आहे. पाठ फिरवून मोंगल्याकडे निघाली असती तरी युद्धशास्त्रात तिला कुणी बोल लावला नसता. उरलेली नौका आणि तिच्यावरची माणसं वाचवणं हेही प्रमुखाचंच कर्तव्य.

पनवेल पाण्यातल्या माणसांकडे वळते. वेग कमी होतो, आणि वेग कमी झालेली बोट म्हणजे नेमबाजाला समोर धरलेलं निशाण. कठड्यावरून दोर सोडले जातात. तुमच्या हातात एक मनगट येतं, तेलाने निसटतं. परत पकडायला तुम्ही छातीपर्यंत बाहेर वाकता, मागून कुणीतरी तुमचा पट्टा धरून ठेवलाय. तो वर येतो, खोकतो, काळं पाणी ओकतो. पुढचा. त्याच्या पुढचा. पनवेलच्या तोफा काठाला उत्तर देत राहतात आणि मधल्या वेळात माणसं डेकवर येत राहतात. सामंत आणि नोरोन्हा दोघेही उघड्यावर आहेत. ज्या पोरांच्या सह्या पलाशीत घेतल्या होत्या, की मेलो तर कुणी जबाबदार नाही, त्यांच्याच जातीची ही माणसं. सही केलेली असो वा नसो, हा अधिकारी त्यांना पाण्यात सोडून जायला तयार नव्हता.

सगळेच हाती लागले नाहीत. लीडिंग सीमन चिमण सिंग छर्‍यांनी जखमी झालेला, पाण्यातून काठाकडे गेला आणि शत्रूचा मारा स्वतःवर ओढून घेतला. त्यामुळे दोन साथीदारांना निसटता आलं. तो पकडला गेला. खुलन्यातल्या पाकिस्तानी फौजेने शस्त्रं ठेवली ती १७ डिसेंबरला, ढाक्यातल्या शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी. युद्धानंतर चिमण सिंग सुटला.

हल्ला करणाऱ्या वैमानिकांवर राग धरायचा मोह तुम्हाला होईल. मला स्वतःला तो राग धरावासा वाटत नाही. जेटच्या वेगाने येणाऱ्याला खाली नदीतली बोट आणि तिच्या माथ्यावरचं कापड किती क्षण दिसतं? युद्धात दोन दलं एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोचतात आणि मधला निरोप कमी पडतो. त्याची किंमत त्या दुपारी पद्मा आणि पलाशवरच्या माणसांनी मोजली. त्याचं दुःख धरावं आणि नावं लक्षात ठेवावीत.

नावं अशी. सामंत, नोरोन्हा आणि चिमण सिंग यांना महावीर चक्र. रॉय चौधरी, मित्तर आणि पलाशीचे मार्टिस यांना वीर चक्र. रुहुल अमीनला बांगलादेशचा सर्वोच्च किताब, बीरश्रेष्ठ. त्याची कबर रूपशाच्या काठावर आहे. एका लहानशा ताफ्याला तीन महावीर चक्रं मिळाली, तरी आपल्याकडे १९७१चं नौदल म्हटलं की कराचीच्या पुढे बोलणं जात नाही. पलाशीची छावणी गुप्त होती, हे कारण काही वर्षं पुरेसं होतं. आता ते पुरेसं नाही.

स्वतः सामंत बराच काळ बोलले नाहीत. बांगलादेशच्या नव्या नौदलाची घडी बसवायच्या पहिल्या दिवसांत त्यांचा हात होता. कॅप्टन होऊन ते निवृत्त झाले. संदीप उन्नीथन यांच्यासोबत त्यांनी या मोहिमेवर ऑपरेशन एक्स हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते २०१९ साली आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत वयाच्या ८९व्या वर्षी सामंत गेले. पुस्तक मिळालं तर पलाशीची प्रकरणं आधी वाचा. चितगावच्या पाण्यात उतरलेली पोरं कुठून आली, त्यांना कसं तयार केलं गेलं आणि परतून आल्यावर त्यांच्यातले कितीतरी पुन्हा त्याच नद्यांत कसे गेले, ते ज्याने त्यांना पाठवलं त्याच्याकडूनच तिथे कळतं.